वीस मीटरांवरचा वाघ : जबलपूरहून सफारीला निघणाऱ्या छायाचित्रकारांसाठी

कान्हा, बांधवगढ आणि पेंच ही मध्य भारतातील तीन मोठी व्याघ्र प्रकल्प क्षेत्रे जबलपूरपासून प्रत्येकी साधारण चार तासांच्या रस्त्यावर असल्यामुळे, पुणे-मुंबईकडून येणारे मराठी पर्यटक आणि जबलपुरातच स्थायिक झालेली मराठी कुटुंबे या शहरातूनच आपल्या जंगलवारीची आखणी करतात. आखणी करताना त्यांच्यापुढे उभे राहणारे प्रश्न मात्र वर्षानुवर्षे तेच असतात : कोणते प्रवेशद्वार निवडावे, किती मोठे भिंग न्यावे, मोबाइलने छायाचित्र काढता येते का, वेगळी परवानगी लागते का आणि टिपलेल्या छायाचित्रावर हक्क कोणाचा. यांपैकी भिंगाच्या प्रश्नावर सर्वाधिक विचार व सर्वाधिक पैसा खर्च होतो. प्रत्यक्षात परवान्यावरचे प्रवेशद्वार, सकाळचा प्रकाश आणि प्राण्याची स्वस्थता या तीन गोष्टींचा छायाचित्राच्या गुणवत्तेत भिंगाहून मोठा वाटा असतो. म्हणून पुढील विवेचन आपल्याला निर्णय ज्या क्रमाने घ्यावे लागतात त्या क्रमाने केले आहे.

आधी उद्यान, मग प्रवेशद्वार

तिन्ही उद्यानांत वाघ आहे, तथापि छायाचित्रकाराने केवळ वाघाच्या शक्यतेवर उद्यान निवडणे हितावह नाही, कारण वाघ न दिसल्यास हाती काय राहील हे त्या जंगलाच्या रूपावर ठरते. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या कान्ह्याची ओळख म्हणजे साल वृक्षांच्या कडेने पसरलेली विस्तीर्ण कुरणे आणि त्यांवर चरणारा बारशिंगा. दलदलीऐवजी कठीण जमिनीवर राहणारी ही बारशिंग्याची उपजाती १९७० च्या सुमारास अवघ्या ६६ प्राण्यांवर आली होती. कुंपणबंद संवर्धन आणि कुरणांची निगा यांमुळे ती सावरली, आणि आता सातपुडा व बांधवगढ येथेही तिचे स्थलांतर करण्यात आले आहे. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे बारशिंग्याच्या माजाच्या काळात, नर शिंगांवर गवताचे झुबके मिरवत कुरणात उभे राहतात आणि पहाटेच्या धुक्यातून तिरपा प्रकाश येतो, तेव्हा कान्ह्यात मिळणारी चौकट भारतात अन्यत्र क्वचितच मिळते. केवळ एवढ्यासाठी हिवाळ्यात कान्ह्याला जावे, असे निःसंकोचपणे सांगता येते.

उमरिया जिल्ह्यातील बांधवगढ हे खडकाळ टेकड्या, बांबू आणि पुरातन किल्ल्याचे जंगल असून तेथील पर्यटन ताला, मगधी व खितौली या तीन विभागांत चालते. पेंचमध्ये सागवान मोठ्या प्रमाणावर असल्याने उन्हाळ्यात पानगळ होऊन दूरवरचे दिसते, तर कान्ह्यातील साल कधीच पूर्ण निष्पर्ण होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्याला कोवळी पालवी येते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावरचे प्राणी टिपायचे असल्यास पेंच आणि थंडीतील प्रकाश हवा असल्यास कान्हा, अशी ढोबळ विभागणी करण्यास हरकत नाही.

प्रवेशद्वाराच्या बाबतीत होणारे दोन गोंधळ महागात पडतात. पहिला पेंचचा : हे जंगल मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत पसरलेले असून दोन्हीकडे त्याच नावाचा व्याघ्र प्रकल्प आहे. तुरिया, कर्माझिरी व जमतारा ही द्वारे मध्य प्रदेशात, तर सिल्लारी व खुर्सापार ही महाराष्ट्रात असून दोन्हींची आरक्षणव्यवस्था स्वतंत्र आहे. जबलपूरहून सिवनीमार्गे येणाऱ्याला तुरिया सोयीचे पडते. दुसरा गोंधळ कान्ह्याचा : जबलपूरहून मंडलामार्गे येणाऱ्याला खटिया जवळ पडते, आणि मुक्की हे द्वार उद्यानाच्या दुसऱ्या, बालाघाटकडील बाजूस आहे. मुक्कीचा परवाना घेऊन खटियाला मुक्काम केल्यास पहाटे बाहेरच्या रस्त्याने लांबचा वळसा घ्यावा लागतो आणि सकाळचा सर्वोत्तम प्रकाश रस्त्यातच सरतो. म्हणून परवाना आधी निश्चित करावा आणि राहण्याची सोय त्यानंतर, त्याच द्वाराजवळ करावी.

परवाना काढताना

मध्य प्रदेशातील उद्याने सर्वसाधारणपणे १ ऑक्टोबर ते ३० जून या काळात खुली असतात; पावसाळ्यात गाभा क्षेत्र, म्हणजे मानवी वापरापासून राखून ठेवलेला जंगलाचा अंतर्भाग, बंद राहतो. आरक्षण राज्याच्या एमपी ऑनलाइन व्यवस्थेतून होते आणि ते काही महिने आधी खुले होत असल्यामुळे नाताळ, होळी वा मे महिन्याच्या सुट्टीसाठी ऐनवेळी प्रयत्न करणे व्यर्थ ठरते. पुढील बाबी आरक्षणापूर्वीच तपासून घ्याव्यात :

- बुधवारी दुपारची फेरी बंद असते. अल्प मुक्कामाच्या सहलीत बुधवार आल्यास एक फेरी कमी धरावी.
- परवान्यावर जे नाव व जो ओळखपत्र क्रमांक नोंदवला असेल, तेच मूळ ओळखपत्र द्वारावर दाखवावे लागते. नोंदणीत चूक राहिली किंवा एकाच्या जागी दुसरी व्यक्ती आली, तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो.
- प्रवेशशुल्कात जिप्सीचे, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीचे, भाडे व मार्गदर्शकाचे मानधन धरलेले आहे की ते द्वारावर वेगळे द्यायचे आहे, हे पावतीवरून समजून घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी.
- एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. एकेक आसन घेतल्यास खर्च कमी होतो, परंतु अनोळखी सहप्रवाशांना पक्ष्यासाठी अर्धा तास थांबण्याची इच्छा असेलच असे नाही. छायाचित्रण हाच मुख्य हेतू असल्यास समविचारी तिघा-चौघांनी पूर्ण गाडी घेणे योग्य.

छायाचित्रणासाठी वेगळी परवानगी लागते का, या प्रश्नाचे उत्तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये मिळते. त्याच्या कलम २८ नुसार अभयारण्यात प्रवेशाची परवानगी ज्या कारणांसाठी देता येते त्यांत छायाचित्रण व पर्यटन या दोहोंचा उल्लेख असून, कलम ३५ द्वारे ही तरतूद राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. सफारीचा परवाना असलेल्या पर्यटकाने गाडीतून स्वतःसाठी छायाचित्रे काढण्यास त्यामुळे अडचण येत नाही. जाहिरात, माहितीपट किंवा व्यावसायिक चित्रीकरण यांसाठी मात्र वन विभागाची स्वतंत्र परवानगी आधी घ्यावी लागते आणि ती द्वारावर मिळत नाही. ड्रोन आणण्याचा विचारही करू नये.

मोबाइल हाच कॅमेरा असेल तर

या बाबतीत अलीकडे मोठा बदल झाला आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवल्याची दृश्ये सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेट उद्यानासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागांत मोबाइल फोनच्या वापरास मनाई केली आणि रात्रीच्या पर्यटनावरही बंदी घातली. त्यामुळे केवळ मोबाइलच्या भरवशावर गाभा क्षेत्राची सफारी आखणे आता शक्य नाही. फोन जमा करायचा की बंद करून पिशवीत ठेवायचा, हे त्या त्या द्वारावर सांगितले जाते व ते विनातक्रार पाळावे. गाड्यांची एका जागी होणारी गर्दी बहुतांशी फोनवरून पसरणाऱ्या खबरीने वाढत असे, हे ध्यानात घेतल्यास या मनाईचा लाभ छायाचित्रकारालाच अधिक आहे. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी मोठ्या झूमचा साधा, भिंग न बदलता येणारा कॅमेरा घ्यावा किंवा पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांतून कॅमेरा भाड्याने आणावा. मात्र भाड्याचे उपकरण सफारीच्या पहाटे प्रथमच हातात घेऊ नये.

भिंग किती मोठे हवे

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यटकांनी वन्यप्राण्यांपासून किमान २० मीटर अंतर राखावयाचे असते. हे अंतर छायाचित्राच्या आड येते अशी समजूत व्यापक आहे; साधे गणित ती दूर करते. कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदी पट्टीची, म्हणजे सेन्सरची, रुंदी भिंगाच्या नाभीय अंतराने भागून प्राण्याच्या अंतराने गुणली, की चौकटीत किती रुंदीचे दृश्य मावेल ते कळते. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर ४०० मिलिमीटरचे भिंग लावल्यास २० मीटरांवर केवळ १.८ मीटर रुंदीचे दृश्य मावते. शेपूट वगळता प्रौढ वाघाच्या शरीराची लांबी साधारण तेवढीच असल्याने आडवा उभा असलेला वाघ चौकट पूर्ण व्यापतो आणि शेपूट बाहेरच राहते. तुलनेने स्वस्त असलेल्या एपीएस-सी प्रकारच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २३.५ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे ३०० मिलिमीटरचे भिंगदेखील याच अंतरावर सुमारे १.६ मीटर रुंदीचे दृश्य देते. म्हणजेच नियमाने परवानगी दिलेल्या सर्वात जवळच्या अंतरावर बहुतेकांकडे असलेले ७०-३०० चे भिंग पुरेसे आहे, आणि ६०० मिलिमीटरचे भिंग बाळगणाऱ्याला तेथे वाघाचा पूर्ण देह मिळत नाही.

प्रत्यक्षात प्राणी बहुधा ४० ते ८० मीटरांवर दिसतात, हे खरे. अशा वेळी १००-४०० किंवा १५०-६०० ही बदलत्या नाभीय अंतराची भिंगे उपयोगी पडतात; तथापि दूरच्या प्राण्याला जंगलासकट चौकटीत घेणे हाही उत्तम, आणि अनेकदा अधिक बोलका, पर्याय असतो. कुरणाच्या काठावर सालाच्या खोडांखालून जाणारा गव्यांचा कळप ६०० मिलिमीटरने कापून टाकण्यापेक्षा १०० मिलिमीटरने त्याच्या अधिवासासह टिपावा. मे महिन्यात उन्हे चढल्यावर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरच्या वस्तूची कड विरघळते. मग कितीही महाग भिंग असले तरी तपशील मिळत नाही. नाभीय अंतर १.४ पट वाढवणारा कन्व्हर्टर लावल्यास भिंगात येणारा प्रकाश निम्म्यावर येतो, हेही विकत घेण्यापूर्वी लक्षात असू द्यावे.

उघड्या जिप्सीत तिपाई उभी करता येत नाही. तिच्या जागी कापडी पिशवी न्यावी आणि मुक्कामी पोचल्यावर तांदूळ किंवा राजमा भरून ती गाडीच्या दांड्यावर ठेवून तिच्यावर भिंग टेकवावे. कोरड्या ऋतूत धूळ हा उपकरणांचा मोठा शत्रू असल्याने फेरीदरम्यान भिंग बदलू नये, वापर नसताना कॅमेऱ्यावर सुती पंचा किंवा ओढणी टाकावी, आणि धूळ बसलेली काच पुसण्यापूर्वी ती हवेच्या फुग्याने झटकून घ्यावी, अन्यथा कण घासले जाऊन ओरखडे पडतात. हिवाळ्यात कान्ह्याचे पहाटेचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास उतरते. थंडीने बॅटरी लवकर उतरत असल्यामुळे दुसरी बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवावी.

कॅमेऱ्याची मांडणी

पहाटे द्वार उघडते तेव्हा साल वनात प्रकाश फार थोडा असतो आणि नवख्यांची बहुतेक छायाचित्रे याच अर्ध्या तासात हलतात. शटरचा वेग, म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडण्याचा काळ, स्थिर प्राण्यासाठी सेकंदाच्या २५० व्या ते ५०० व्या भागापर्यंत, चालणाऱ्यासाठी १००० व्या आणि उडत्या पक्ष्यासाठी किमान १६०० व्या भागापर्यंत ठेवावा. अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातील प्रकाशाचे छिद्र, पूर्ण उघडे ठेवून आयएसओ, म्हणजे प्रकाशाप्रति संवेदनशीलता, कॅमेऱ्यालाच ठरवू द्यावी. आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत गेल्याने चित्रात कण दिसतात म्हणून अनेकजण ती रोखून धरतात. परंतु कण नंतर संगणकावर बऱ्याच अंशी कमी करता येतात, हललेला डोळा मात्र कशानेही स्थिर होत नाही.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम करड्या उजेडाचे असावे असे गृहीत धरतो आणि तेथेच त्याची फसगत होते. काळाभोर गवा चौकट व्यापून असेल तर मापक दृश्य उजळवतो व गवा राखाडी दिसतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेडाची भरपाई, उणे दोन-तृतीयांश ते उणे एक करावी. धुक्याने भरलेले कुरण याउलट काळवंडते, तेथे अधिक एक करावे. गर्द सावलीपुढे उन्हात उभ्या बगळ्याच्या बाबतीत मापक काळ्या पार्श्वभूमीला भुलून पांढरी पिसे जाळून टाकतो, तेथे पुन्हा उणे करावे लागते. ही तीन उदाहरणे लक्षात राहिली तर मध्य भारतातील जंगलात पडणाऱ्या बहुतेक प्रसंगांची सोय होते. छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरवरची सर्व माहिती राखून साठवावीत, म्हणजे मागाहून दुरुस्तीला वाव उरतो.

फोकससाठी एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा. उंच गवतात स्वयंचलित फोकस पुढच्या काड्यांना धरतो, त्यामुळे बिंदू जितका लहान तितका बरा. फ्लॅश पूर्ण बंद ठेवावा आणि सोय असल्यास आवाज न करणारे शटर वापरावे. छायाचित्र घेण्यापूर्वी चालकाला हिंदीत “भैया, इंजन बंद कर दीजिए” एवढे सांगणे कोणत्याही कंपनरोधक तंत्रापेक्षा उपयुक्त ठरते, कारण चालू इंजिनाची थरथर दांड्यातून थेट भिंगापर्यंत पोचते.

मार्गदर्शकाला पहिल्याच दहा मिनिटांत आपला हेतू स्पष्ट सांगावा : केवळ वाघ नको, बारशिंगा, कोळसुंदे व पक्षी यांसाठी थांबण्याची तयारी आहे, आणि सूर्य पाठीशी किंवा बाजूला राहील अशी गाडी उभी करावी. स्थानिक गावांतून आलेल्या या मार्गदर्शकांना चितळ, वानर, सांबर व भेकर यांच्या धोक्याच्या हाकांतील फरक ऐकून कळतो. सांबराची हाक वाघाच्या बाबतीत सर्वांत भरवशाची मानली जाते. हाक ऐकू आल्यावर गाडी पिटाळण्याचा आग्रह न धरता, इंजिन बंद करून वाघ कोणत्या दिशेने रस्ता ओलांडेल याचा अंदाज मार्गदर्शकाला घेऊ द्यावा. समोरून शांतपणे चालत येणाऱ्या वाघाची छायाचित्रे अशाच थांबण्यातून मिळतात.

कायद्याच्या मर्यादा आणि आपले अधिकार

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम २७ नुसार वन्यप्राण्याला डिवचणे, छळणे आणि परिसरात कचरा टाकणे यांस मनाई आहे. पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे हे तर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शिकारीतच मोडते, म्हणून घरट्याभोवतीची पाने-फांद्या बाजूला सारून छायाचित्र घेणे हा केवळ असभ्यपणा राहत नाही, तो अपराध ठरतो. वाघाने कान मागे पाडणे, गुरगुरणे, शेपूट झटकणे, गव्याने मान खाली घालून फुत्कारणे, हत्तीने कान पसरून सोंड उचलणे या खुणा दिसताच कॅमेरा खाली ठेवून गाडी मागे घ्यायला सांगावी. अस्वस्थ प्राण्याचे छायाचित्र जाणकाराला लगेच ओळखू येते आणि त्याचे मोलही तेथेच संपते.

पर्यटकालाही काही गोष्टी ठामपणे मागता येतात :

- चालक रस्ता सोडून गाडी उतरवत असेल, प्राण्याची वाट अडवत असेल किंवा वेगाने हाकत असेल, तर त्याला थांबवण्याचा अधिकार आपल्याला आहे. चांगले दर्शन घडवल्याबद्दल बक्षीस देण्याची सक्ती नाही, आणि नियम मोडून घडवलेल्या दर्शनाबद्दल ते मुळीच देऊ नये.
- तक्रार असल्यास गाडीचा क्रमांक, द्वार, तारीख व फेरी नोंदवून ती प्रथम द्वारावरील अधिकाऱ्याकडे आणि नंतर क्षेत्र संचालकांकडे लेखी करावी. क्षेत्र संचालकांची कार्यालये कान्ह्यासाठी मंडला, बांधवगढसाठी उमरिया व मध्य प्रदेशातील पेंचसाठी सिवनी येथे आहेत.

सराव जबलपुरातच

सफारीचे तास मोजके व खर्चिक असल्याने हात बसवण्याचे काम शहरात उरकून घ्यावे. जबलपूर महानगरपालिकेच्या देखरेखीखालील, खंदारी जलाशयाभोवतीचा सुमारे १०५८ हेक्टरांचा डुमना निसर्ग परिसर त्यासाठी फार सोयीचा आहे. तेथे चितळ, रानडुक्कर, कोल्हा आणि अनेक पक्षी दिसतात, आणि चितळाच्या ठिपक्यांवर फोकस साधण्याचा व सावलीतील उजेड जुळवण्याचा सराव सफारीच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा करता येतो. परियट नदीतील मगरी दूर काठावरून टिपता येतात, मात्र तेथे ना गाडी असते ना मार्गदर्शक, म्हणून पाण्याच्या कडेला उतरू नये आणि मुलांना नेऊ नये.

छायाचित्र कोणाचे

प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते प्रत्यक्ष काढणारी व्यक्ती. कॅमेरा कोणाच्या मालकीचा आहे याला महत्त्व नाही. आपला कॅमेरा मार्गदर्शकाच्या हाती देऊन वाघ टिपला असल्यास तो फोटो स्पर्धेला स्वतःच्या नावाने पाठवणे म्हणूनच चुकीचे आहे. नोकरीचा भाग म्हणून किंवा मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या छायाचित्रांना वेगळे नियम लागू होतात, तेव्हा असे काम स्वीकारताना हक्क कोणाकडे राहतील ते लेखी ठरवून घ्यावे. हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि तो छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. विनापरवानगी वापर आढळल्यास मूळ रॉ फाइल हा सर्वांत बळकट पुरावा ठरतो, यासाठी ती कधीही पुसू नये आणि परतल्याच दिवशी दोन ठिकाणी साठवावी. छायाचित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यातील स्थानाची नोंद काढून टाकावी. घरटे, गुहा किंवा बछडे असलेल्या वाघिणीचा ठाव त्यातून शिकाऱ्यापर्यंत पोचू शकतो, म्हणून अशा चित्राखाली पाणवठ्याचे वा वाटेचे नाव न देता केवळ उद्यानाचे नाव व महिना लिहावा.